वारशाने आलेले संगणकजाळे आणि परवान्यांची मोजदाद

(तेलीबांधा, रायपूर येथील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर. वक्ते अर्थशास्त्राचे अभ्यासक असून सार्वजनिक वित्तव्यवहार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.)



आपण आज जेथे जमलो आहोत, त्या तेलीबांध्यातून रायपूर-धमतरी ही अरुंदमापी रेल्वे धावत असे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात घातलेल्या या मार्गाच्या रुळांमधील अंतर होते ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे माप १,६७६ मिलिमीटर. त्यामुळे धमतरीहून आलेला माल रायपूरला एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. रूळ घालताना घेतलेला एक काटकसरीचा निर्णय पुढच्या कित्येक पिढ्यांनी हमालीच्या रूपाने फेडला. १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने एकमापी धोरण हाती घेतले. तेलीबांध्यातून जाणारी ती गाडी २०१७ मध्ये बंद झाली आणि त्या पट्ट्यावर आता रस्ता झाला आहे.

हा दाखला देण्याचे कारण असे की, वारशाने आलेल्या कोणत्याही जाळ्यासोबत पूर्वसूरींचे निर्णय, करार आणि देणीही आपल्याकडे येतात. रूळ निदान डोळ्यांना दिसतात. संगणकाचे जाळे आणि त्यावर चालणाऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरचे परवाने मात्र दिसत नाहीत. तुमच्यापैकी काही जण उद्या एखाद्या कार्यालयाचे प्रमुख व्हाल. खुर्चीसोबत एक सर्व्हर कक्षही तुमच्या ताब्यात येईल आणि त्यातील किती यंत्रांवर कोणते डेटाबेस सॉफ्टवेअर चालते, त्यापैकी किती रीतसर विकत घेतले आहे, हे सांगणारा कागद बहुधा सापडणार नाही. या मोजदादीचे अर्थशास्त्र आणि तिची पद्धत हा आजचा विषय आहे.

विभाजन, विलीनीकरण आणि अदृश्य मालमत्ता

रायपूरला प्रशासकीय वारसा नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ मध्ये संपला, तेव्हा येथील दप्तर ब्रिटिशांकडे गेले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश नव्या मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले. प्रत्येक वेळी जमिनी, इमारती, कर्जे, कर्मचारी यांची वाटणी झाली. मध्य प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २००० मध्ये मालमत्ता व दायित्वे यांच्या विभागणीच्या सविस्तर तरतुदी आहेत.

वीज क्षेत्राचे उदाहरण अधिक बोलके आहे. मध्य प्रदेश विद्युत मंडळातून छत्तीसगड राज्य विद्युत मंडळ वेगळे झाले आणि २००९ मध्ये त्याचेही पाच कंपन्यांत विभाजन झाले. महाराष्ट्रात ६ जून २००५ रोजी राज्य विद्युत मंडळाच्या जागी सूत्रधारी कंपनीसह महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या. याच्या उलट प्रक्रिया बँकिंगमध्ये घडली. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक व देना बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी दहा सार्वजनिक बँकांच्या चार बँका झाल्या. छत्तीसगडमधील तीन ग्रामीण बँकांची २०१३ मध्ये एक बँक झाली, तर महाराष्ट्रातील दोन ग्रामीण बँका १ मे २०२५ रोजी एकत्र आल्या.

अशा प्रत्येक प्रसंगी एक प्रश्न उभा राहतो. जुन्या संस्थेच्या नावाने घेतलेला सॉफ्टवेअरचा परवाना नव्या संस्थेला आपोआप लागू होतो काय? एकाचे पाच झाले तर तोच परवाना पाचही जणांना वापरता येईल काय? उत्तर मूळ करारातील हस्तांतरणाच्या कलमावर अवलंबून असते. अनेक करारांमध्ये पुरवठादाराची लेखी संमती आवश्यक असते. वाटणीच्या कागदपत्रांत टेबल-खुर्च्यांची यादी असते. परवान्यांची यादी क्वचितच असते.

परवाना म्हणजे मालकी नव्हे

कायद्याची बाजू परीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. भारतात संगणक प्रणालींना प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ खाली 'साहित्यकृती' म्हणून संरक्षण मिळते. १९८४ च्या दुरुस्तीने त्यांचा या व्याख्येत समावेश झाला. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आले. त्यानुसार प्रणालीची उल्लंघन करणारी प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील अनुच्छेद १० हाही संगणक प्रणालींना साहित्यकृतींप्रमाणेच संरक्षण देण्यास सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे ध्यानात ठेवावेत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २००४ मध्ये न्यायालयाने तयार, वेष्टित सॉफ्टवेअर हा विक्रीकरासाठी 'माल' मानला. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, परदेशी पुरवठादाराकडून वापरापुरता परवाना घेणाऱ्याकडे प्रतिमुद्राधिकार येत नाही. म्हणून त्यासाठी दिलेली रक्कम दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांखाली स्वामित्वधन ठरत नाही. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. आपण प्रत विकत घेतो, पण वापराचा अधिकार करारात लिहिला असेल तेवढाच मिळतो. किती यंत्रांवर, किती वापरकर्त्यांसाठी आणि कोणत्या कामासाठी वापरायचे, याच्या मर्यादा परवाना घालून देतो.

मोजमापाचे एकक

सॉफ्टवेअरची पहिली प्रत तयार करण्यास प्रचंड खर्च येतो. पुढच्या प्रतीचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूची किंमत सीमान्त खर्चावर ठरवता येत नाही. ती ग्राहकाच्या देण्याच्या तयारीवर ठरते. म्हणून विक्रेते एकाच वस्तूच्या अनेक आवृत्त्या काढतात आणि किंमत मोजण्यासाठी वेगवेगळी एकके वापरतात. मूल्यविभेदाचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे.

डेटाबेसच्या बाबतीत प्रामुख्याने दोन एकके आढळतात: वापरकर्ता आणि गणनशक्ती. कार्यालयातील मोजक्या कर्मचाऱ्यांसाठी वापरकर्तागणिक परवाना परवडतो. परंतु नागरिकांसाठी खुल्या असलेल्या सेवेत वापरकर्ते मोजताच येत नाहीत. मध्ये एखादे संकेतस्थळ उभे केले आणि डेटाबेसला केवळ एकच जोडणी दिसत असली, तरी सामान्यतः करारानुसार पलीकडची सर्व माणसे मोजली जातात. तेथे गणनशक्तीनुसार परवाना घ्यावा लागतो.

गणनशक्तीचे एककही स्थिर नाही. पूर्वी एका प्रोसेसरमध्ये एकच कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणारा घटक असे. पुढे एका प्रोसेसरमध्ये आठ, सोळा किंवा त्याहून अधिक कोअर आले. मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा परवाना २००८ आर-२ या आवृत्तीपर्यंत प्रोसेसरवर दिला आणि २०१२ च्या आवृत्तीपासून कोअरवर देण्यास प्रारंभ केला. जुन्या नियमाने ज्या आठ-कोअर प्रोसेसरला एक परवाना पुरे, त्याच यंत्रावर नवी आवृत्ती चढवताच आठ कोअरचे परवाने लागू लागले. तंत्रज्ञाने सद्भावनेने केलेली आवृत्तीवाढ अशा प्रकारे वित्तीय दायित्व ठरू शकते.

एक हिशेब

ओरॅकलच्या एंटरप्राइज आवृत्तीचे जाहीर दरपत्रक दीर्घकाळ प्रति प्रोसेसर परवाना ४७,५०० डॉलर आणि वार्षिक साहाय्यशुल्क त्याच्या २२ टक्के असे राहिले आहे. नेहमीच्या इंटेल यंत्रांसाठी कोअरच्या संख्येला ०.५ ने गुणून परवान्यांची संख्या काढतात. समजा, एका सर्व्हरमध्ये प्रत्येकी आठ कोअरचे दोन प्रोसेसर आहेत. एकूण कोअर १६, परवाने आठ, किंमत ३,८०,००० डॉलर आणि वार्षिक साहाय्य ८३,६०० डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास किंमत ३ कोटी २३ लाख रुपये आणि साहाय्यशुल्क दरसाल सुमारे ७१ लाख रुपये होते. प्रत्यक्ष निविदेत सवलत मिळते, हे खरे. परंतु २२ टक्के हे प्रमाण पाहा: पाच वर्षांत साहाय्यशुल्काची बेरीज मूळ किमतीच्या ११० टक्के होते. निविदा समितीचे सारे लक्ष मूळ किमतीवर असते; अधिक खर्च नंतरच्या, कोणीही न वाचलेल्या देयकांमधून होतो.

नमुना सात आणि नमुना बारा

आता मोजदादीच्या पद्धतीकडे वळू. महाराष्ट्रातील सातबारा तुम्हाला परिचित आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख असून जमीन कोणाची हे तो सांगतो. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. शेतात प्रत्यक्ष काय उभे आहे हे ती सांगते. परवान्यांची तपासणी म्हणजे याच दोन नमुन्यांची जुळणी होय. करार, खरेदी आदेश, देयके आणि परवाना प्रमाणपत्रे हा आपला नमुना सात. सर्व्हरवर प्रत्यक्ष चालणारे सॉफ्टवेअर हा नमुना बारा.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. 'संगणकालाच विचारा, तो परवाना सांगेल', असे अनेकांना वाटते. सर्व्हर आपली आवृत्ती, प्रकार आणि कोअरची संख्या सांगतो. ते विकत घेतले आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. मोठ्या उद्योगांसाठीचे काही डेटाबेस तर कोणतीही किल्ली न मागता पूर्ण सुविधांसह बसतात. ज्या सुविधांसाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागतात, त्याही एका आज्ञेने वापरता येतात आणि त्या वापराची नोंद आत होत राहते. पुढे पुरवठादाराची तपासणी आली की तीच नोंद पुरावा ठरते. पीकपाहणीवरून मालकी सिद्ध होत नाही, तसेच हे आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम सर्व यंत्रे शोधावीत. त्यासाठी केवळ हातात आलेल्या यादीवर विसंबू नये. जाळ्यातील पत्त्यांची छाननी करावी, प्रत बाजूला ठेवणाऱ्या यंत्रणेची यादी पाहावी, आणि प्रत्येक खोलीत स्वतः जावे. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक यंत्रावरील डेटाबेसचे नाव, आवृत्ती, प्रकार, कोअर, वापरात असलेल्या सशुल्क सुविधा, वापरकर्ते आणि मुख्य म्हणजे प्रयोजन टिपावे. एखादी प्रत केवळ चाचणीसाठी असेल तर तिला मोफत विकासक आवृत्ती पुरते. तीच प्रत प्रत्यक्ष सेवेसाठी वापरली तर परवाना मोडतो. आभासी यंत्रे असतील तर विशेष सावध राहावे, कारण काही करारांत आभासी यंत्राचे कोअर मोजतात, तर काहींत ते ज्यावर चालते त्या संपूर्ण यंत्राचे. तिसऱ्या टप्प्यात कागद गोळा करावेत आणि चौथ्यात दोन्हींची ओळीस ओळ जुळणी करावी. शेवटी निर्णय घ्यावा: काय बंद करायचे, काय एकत्र आणायचे, कोठे खालची आवृत्ती पुरेल आणि काय विकत घ्यायचे. निर्णयापूर्वी काहीही पुसू नये. घाईने पुसलेल्या डेटाबेससोबत एखाद्या गावाचा अभिलेखही जाऊ शकतो.

सॉफ्टवेअर मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ १९७७० ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका २००६ पासून आहे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार स्थायी मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी वर्षातून किमान एकदा करावयाची असते. आपल्या कार्यालयांतील डेडस्टॉक रजिस्टरमध्ये पंखा आणि कपाट यांची नोंद मिळते. परवान्यासाठीही एक पान हवे, एवढीच अपेक्षा आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी एका सार्वजनिक संस्थेच्या वित्त समितीचा सदस्य होतो. तीन जुन्या घटकांना जोडून ती संस्था उभी राहिली होती. डेटाबेसच्या साहाय्यशुल्काचे देयक दरवर्षी येई आणि आम्ही ते मंजूर करत असू. तिसऱ्या वर्षी मी सहज विचारले, ''हे किती सर्व्हरसाठी आहे?'' बैठकीत कोणालाही उत्तर देता आले नाही.

तेथील तरुण संगणक अधिकाऱ्याकडे अकरा सर्व्हरची यादी होती. त्याच्यासोबत मी दोन दिवस इमारतींतून हिंडलो. सतरा निघाले. एक तर अभिलेख कक्षात, बस्त्यांच्या मागे, बंद पडलेल्या योजनेसाठी अखंड चालू होता. त्यावर सर्वांत महागडी आवृत्ती होती आणि तिचा एकही कागद नव्हता. उलट, ज्यांचे साहाय्यशुल्क आम्ही भरत होतो, त्यांतील दोन यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती. म्हणजे संस्था एकाच वेळी न वापरलेल्याचे पैसे देत होती आणि वापरलेल्याचे देत नव्हती.

जुळणीचा तक्ता पूर्ण झाल्यावर तो अधिकारी मला म्हणाला, ''सर, हे मी सहीनिशी दिलं तर पहिला खुलासा मलाच मागतील.'' त्याची भीती निराधार नव्हती. दोष शोधणाऱ्यावरच दोष येत असेल, तर कोणीही शोधणार नाही. प्रोत्साहनांच्या रचनेचा हा साधा सिद्धान्त आहे. आणि तो शिकवणारा मी स्वतः दोन वर्षे विनाप्रश्न सही करत होतो. समितीच्या इतिवृत्तात आम्ही प्रथम ही गोष्ट नोंदवली की, देयकांची मंजुरी समितीची होती आणि पडताळणी समितीच्या आदेशाने झाली. त्यानंतरच तक्ता जोडला. अनावश्यक यंत्रे प्रती जपून बंद केली, भंगारातील यंत्रांचे शुल्क थांबवले आणि उरलेल्या तफावतीबाबत पुरवठादाराला आपण होऊन कळवले. तरीही एक मोठी रक्कम भरावीच लागली. ती टाळता आली असती, असे मी म्हणणार नाही. ती आधी कळली असती तर कमी असती, एवढे मात्र निश्चित.

नोंद नसलेले यंत्र आणि सुरक्षितता

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाच्या संगणकीय किड्याने जगभरातील किमान ७५,००० यंत्रे ग्रासली. त्यांतील बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. त्याने एसक्यूएल सर्व्हर २००० मधील ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिची दुरुस्ती सहा महिन्यांपूर्वीच उपलब्ध झाली होती. पण अनेकांना आपल्या यंत्रावर हा डेटाबेस आहे हेच माहीत नव्हते. तो दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत नकळत बसला होता. ज्याची नोंद नाही त्याची दुरुस्तीही होत नाही. एसक्यूएल सर्व्हर २००८ चे विस्तारित साहाय्य २०१९ मध्ये आणि २०१२ चे २०२२ मध्ये संपले. आपल्या ताब्यात अशी जुनी यंत्रे आहेत काय, याचे उत्तर मोजदादीखेरीज मिळत नाही.

छत्तीसगडमध्ये २००७-०८ पासून सहकारी समित्यांमार्फत होणाऱ्या धान खरेदीचे संगणकीकरण झाले आहे आणि जमिनीचे अभिलेख 'भुइयाँ' प्रणालीत आहेत. खरेदीच्या हंगामात डेटाबेस बंद पडला तर ट्रॅक्टरवर धान घेऊन उभा असलेला शेतकरी थांबतो. परवान्याचा वाद आणि जुन्या आवृत्तीचा धोका शेवटी त्याच्यापर्यंत पोहोचतो.

बांधिलकी आणि पर्याय

मग महागडे सॉफ्टवेअर सोडून का देत नाहीत? कारण संक्रमणखर्च. वर्षानुवर्षांच्या प्रणाली एका डेटाबेसच्या बोलीत लिहिलेल्या असतात, कर्मचारी त्यातच तयार झालेले असतात. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्राच्या कळफलकाच्या आधारे आणि ब्रायन आर्थर यांनी १९८९ मध्ये वाढत्या प्रतिफलाच्या संदर्भात हाच विचार मांडला: आरंभीची निवड पुढच्या निवडींना बांधून ठेवते. धमतरीच्या रुळांचे तेच झाले.

शासनाने याची दखल घेतली आहे. राष्ट्रीय ई-शासन योजना २००६ मध्ये मंजूर झाली. २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरण आले आणि २०१५ च्या धोरणाने ई-शासन प्रणालींमध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यास सांगितले. ते न स्वीकारल्यास कारणे देणे अपेक्षित आहे. पोस्टग्रेएसक्यूएलसारखे मुक्तस्रोत डेटाबेस आज मोठ्या कामांना पुरे पडतात. मात्र मुक्तस्रोत म्हणजे निःखर्च नव्हे. परवाना शुल्क वाचते, पण स्थलांतर, प्रशिक्षण आणि देखभाल यांचा खर्च राहतो. शिवाय मालकी बदलू शकते: मायएसक्यूएल २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि २०१० मध्ये त्या कंपनीसह ओरॅकलकडे गेले, त्यातूनच मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा वाढली. म्हणून निर्णय संपूर्ण आयुष्यकाळाच्या खर्चावर घ्यावा. आणि तो खर्च काढायचा तर आज आपल्याकडे काय आहे, हे आधी माहीत असले पाहिजे.

समारोप

मित्रहो, मुख्य परीक्षेत सुशासन, पारदर्शकता, उत्तरदायित्व यांवर प्रश्न येतील. या शब्दांच्या व्याख्या तुम्हाला पाठ असतील. त्यांच्यासोबत एक ठोस उदाहरण लिहिता आले तर उत्तराला वजन येते, म्हणून आजचा विषय निवडला. मात्र माझी खरी अपेक्षा परीक्षेनंतरची आहे. पदभार स्वीकारताना प्रभार अहवालावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: सर्व्हर किती, त्यांवर काय चालते आणि त्याचे कागद कोठे आहेत? उत्तर मिळाले नाही तर तसे लिहून ठेवा, तीन महिन्यांची मुदत द्या आणि ज्याला मोजायला सांगाल त्याच्या पाठीशी उभे राहा. पुढच्या अधिकाऱ्याला तुमच्याकडून जो वारसा मिळेल, त्यात निदान एक खरी यादी असावी.